ह्यांच्या शेजारची जागा

९ जानेवारी

सकाळी बी.पी. १५०/९४. गोळी घेतली. तेवढ्यात वरून निरोप, आक्कांनी बोलावलंय.

वर गेले तर रज्जाक मिस्त्री टेप घेऊन उभे आणि आक्का पलंगावर बसून आकडे लिहून घेतायत. त्यांच्या तांबडीची, लाल गाडीची, लांबी तेरा फूट, रुंदी पाच. मला वाटलं नवीन गॅरेज काढायचं चाललंय. म्हटलं असू दे, बंगला त्यांचा, गाडी त्यांची, हौस त्यांची. तर म्हणाल्या, "गॅरेज न्हवं गं. मी गेल्यावर मला हिच्यात बसवायचं."

आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तेही आडवं नाही, मांडी घालून बसवून. त्या 'बसवणे' शब्दावर आमच्या नणंदबाईंनी सगळा डोलारा उभा केलाय. "बसवायचंच हाय न्हवं? मग गाडीत बसवा की."

वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जिभेला मात्र काही झालेलं नाही.

विचारलं, कुठं बसवायचं? तर उचगावच्या मळ्यात. ह्यांच्या शेजारी.

मी खाली आले. भाजी करपली.

१० जानेवारी

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. लिहून काढलं तर बरं वाटेल म्हणून लिहितेय.

मळ्यात विहिरीच्या अंगाला सासूसासऱ्यांच्या समाधीचे ओटे. त्याला लागून ह्यांचा. ह्यांच्या ओट्यापासून उत्तरेला रस्त्याच्या तारेपर्यंत सोळा फूट मोकळी जागा. ती माझी आहे. कुणी लिहून दिलेली नाही, पण माझीच. पस्तीस वर्षं संसार केला, आता शेजारी बसायला मिळावं एवढंच मागणं. दुसरं काही मागितलंय का मी ह्या घरात? फौंड्री मागितली? सासऱ्यांनी फौंड्री आणि बंगला मुलीच्या नावावर केला आणि मुलाला मळा दिला. लोक म्हणाले, उलटंच केलं. हे म्हणाले, बरं झालं, मला भट्टीची धग सोसत नाही. मी पण गप्प बसले.

आणि आता तिला मळ्यातली जागापण पाहिजे. तेरा फुटी गाडीसकट.

'ती' म्हणतेय मी. लिहिताना तरी म्हणू दे.

१४ जानेवारी

संक्रांत. वर जाऊन तिळगूळ दिला. आक्कांनी तो बशीत ठेवला. डायलिसिसवाल्याला गूळ चालतो की नाही माहीत नाही, मी विचारलंही नाही.

खाली रज्जाकभाई तांबडी पुसत होते. दोन सीटची, इंग्लंडात बनलेली, छप्पर मागं पडतं. सासऱ्यांनी कुठल्यातरी सरदाराच्या घरातून उचलली आणि मुलगी बी.एस्सी. झाली म्हणून तिला दिली. मुलीला गाडी, आणि मुलाला सायकल. ह्यांनी ती सायकल शाळेतून रिटायर होईपर्यंत वापरली.

रंकाळ्यावर ही बाई डोक्याला रुमाल बांधून गाडी पळवायची ते बघायला लोक उभे राहायचे म्हणे. असतील. रिकामटेकड्यांची ह्या गावात वाण नाही.

१९ जानेवारी

आज ह्यांचा वाढदिवस. फोटोला हार घातला.

हे गेले ते दिवस लॉकडाऊनचे. दुपारचे दोन. ह्यांच्या छातीत कळ आली, घामाघूम झाले. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर तिकडून उत्तर, तासभर लागेल. मोठी गाडी फौंड्रीत अडकलेली. आक्का वरून खाली आल्या, हातात तांबडीची किल्ली. ह्यांना बसवलं. मी दुसऱ्या बाजूनं आत शिरायला बघितलं, तर आत शिरायला जागाच नाही. दोन सीट. एका सीटवर ह्या, एका सीटवर हे. मी म्हटलं, मी मांडीवर घेते ह्यांना. आक्का म्हणाल्या, "येळ न्हाय सुमन, सर." आणि गेल्या.

मी गेटात उभी. पायात चप्पल नव्हती. रज्जाकभाईंनी स्कूटर काढली, त्यांच्या मागं बसून गेले. नाक्यावर पोलिसांनी अडवलं. दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलेलं. वाटेतच गेले होते, तांबडीत, डाव्या सीटवर.

मी आक्कांना विचारलं, काय बोलले का? म्हणाल्या, "काय न्हाय बोलला शिवा."

पुढं कितीदा विचारलं. तेच उत्तर. मला ते कधी पटलं नाही. पंधरा मिनिटांचा रस्ता. हे बोलल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचे नाहीत.

त्या गाडीला मी पुन्हा हात लावलेला नाही.

२ फेब्रुवारी

प्रसादचा पुण्याहून फोन. त्याला आत्यानं आधीच सांगितलंय. हसतोय. म्हणतो, आई, भारीच आहे की, आत्या म्हणजे आत्या. मी म्हटलं, आणि मी कुठं जाऊ? तर म्हणाला, अगं तुला अजून काय झालंय, आत्तापासून कशाला तो विषय?

माझ्याच पोटचा. पण आत्याच्या वळणावर गेला.

दुपारी स्वामी आले. आमच्याकडचं सगळं हेच करतात, आधी त्यांचे वडील करायचे. मला आशा होती की हे तरी म्हणतील, असलं काही शास्त्रात बसत नाही. सरबत पीत पीत म्हणाले, बसलेली मुद्रा पाहिजे, ती होईल. डाव्या तळहातावर इष्टलिंग, ते होईल. वरून माझा पाय मस्तकाला लागला पाहिजे, छप्पर मागं घेता येतं न्हवं, मग तेही होईल. तोंड उत्तरेला. आक्का म्हणाल्या, उत्तरेला रस्ता आहे, तेच पाहिजे, भिंतीकडं तोंड करून मी उभ्या आयुष्यात गाडी लावलेली नाही.

म्हणजे गाडी उभी, दक्षिण-उत्तर. खड्ड्याच्या कडा धरून सोळातले सोळा फूट गेले.

स्वामींना बिदागी मी दिली नाही. वरून घेतली असेल.

७ फेब्रुवारी

आज जरा बरं वाटलं. मळा ह्यांच्यामागं माझ्या नावावर झालाय हे आक्का विसरल्या होत्या, आणि मीही. खासगी जागेत पुरायचं म्हणजे जमीनमालकाची लेखी संमती पाहिजे, असं तलाठ्यानं रज्जाकभाईंना सांगितलं. कागद घेऊन रज्जाकभाई माझ्यापुढं उभे. बिचारे मान खाली घालून.

मी चष्मा लावून तीनदा वाचला. पन्नास वर्षांत आक्कांना ह्या घरात कुणाकडं सही मागायची वेळ आली नव्हती.

सही करत नाही म्हणून सांगितलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "ह्यांची गवी त्या बाजूला आहे. गाडीचा खड्डा काढलात तर जेसीबी ह्यांच्यावर जाईल."

खड्डा सरळ खाली काढतात, मग तळाशी एका बाजूला कोनाडा कोरतात, त्याला गवी म्हणतो आम्ही. माणूस बसतो त्या कोनाड्यात. वर ओटा बांधतात तो खड्ड्यावर. त्यामुळं ओटा जिथं दिसतो, तिथं माणूस नसतोच. दोन-तीन फूट बाजूला असतो. कुठल्या बाजूला, ते ज्यानं बघितलं त्यालाच ठाऊक.

मी बघितलेलं नाही. त्या दिवशी मला विहिरीच्या कट्ट्यावर बसवलं होतं, डोळ्यांपुढं अंधारी. खड्डा काढणारा निंगाप्पा आता नाही. थोरले स्वामी नाहीत. प्रसाद पुण्याला अडकलेला, त्याला यायला मिळालं नाही. राहिल्या आक्का.

खोटं बोलले मी. ह्यांच्यावरून.

८ फेब्रुवारी

आक्का जिना उतरून खाली आल्या. डायलिसिसला खुर्चीत उचलून नेतात; स्वतःच्या पायांनी तीन महिन्यांत पहिल्यांदा. माझ्या स्वैपाकघराच्या दारात उभ्या, दम लागलेला.

म्हणाल्या, "गवी दक्षिणेला हाय. आईच्या अंगाला. मी हुबा हुतो तिथं." (जुन्या कोल्हापुरी बायकांसारखं आक्का स्वतःला 'मी जातो, मी येतो'च म्हणतात.)

मी म्हटलं, तुम्ही लांब होता, सगळे लांब लांब उभे होते तेव्हा. मी जवळ होते. उत्तरेला आहे.

"तू कट्ट्यावर पडलीवतीस."

"पडले होते, डोळे मिटलेले नव्हते."

मग म्हणाल्या, "मास्तरीण असून खोटं बोलतीस." आणि परत जिना चढल्या, एकेका पायरीला थांबत. मी हात द्यायला गेले नाही. लिहिताना लाज वाटतेय, पण गेले नाही.

गंमत अशी की ह्यांना आम्ही दोघींनी दोन बाजूंना बसवलंय आणि खरं काय ते उकरल्याशिवाय कळायचं नाही.

१३ फेब्रुवारी

सगळ्या गावाला कळलंय. भाजीवालीनं विचारलं, "वैनी, गाडीत पुरत्यात म्हणं आक्कांना? टायरसकट?" मी म्हटलं, मेथी कशी दिलीस?

फौंड्रीतली माणसं सारखी वर येऊन जातात. चाळीस वर्षं आक्कांनी फौंड्री चालवली, मंदीतसुद्धा एका माणसाला घरी पाठवलं नाही, हे खरं आहे आणि मला ते लिहायलाच पाहिजे. पण येताजाता माझ्याकडं असे बघतात जणू मीच आक्कांच्या किडन्या काढून घेतल्या.

प्रसादचा मेसेज, आई प्लीज सही कर. त्याच्याखाली हात जोडलेलं चित्र.

मी फोन चार्जिंगला लावला.

२१ फेब्रुवारी

डायलिसिसला आज मी गेले बरोबर. नर्स आली नव्हती आणि रज्जाकभाईंना ताप. नाइलाज.

चार तास. आक्कांचा हात पांढराफटक, त्यात सुया. मी पेपर वाचत बसले. दीड तासानं आक्का म्हणाल्या, पेपर ठेव. ठेवला.

म्हणाल्या, "शिवा बोलला हुता. गाडीत."

पाच वर्षं! पाच वर्षं ही बाई मला 'काय न्हाय बोलला' म्हणून सांगत होती. मी म्हटलं, सही पाहिजे म्हणून सांगताय ना? सौदा करताय?

"सौदा करायचा असता तर सही आदी घेतली असती. सांगतो. सही तुझ्या मनावर."

मग सांगितलं. "म्हणाला, आक्का, हळू घे, सुमन मागनं यायला लागलीया."

एवढंच. मशीनचा आवाज चाललेला. मी विचारलं, मग तुम्ही हळू घेतली का? आक्का म्हणाल्या, "न्हाय." मग म्हणाल्या, "म्हणून तर सांगितलं न्हाय."

मी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून रडले. बायका जातायेता बघत होत्या. बघू देत.

२२ फेब्रुवारी

खोटं असणार.

ह्यांना काय माहीत मी मागून येतेय? आरशात बघितलं असेल. त्या गाडीला बाहेरून आरसा आहे का? आज उठून गॅरेजपर्यंत गेले आणि बघितलं. आहे. डाव्या बाजूला पण आहे, बसवून घेतलेला दिसतो.

पण रज्जाकभाईंची स्कूटर निघेपर्यंत तांबडी चौकापार गेलेली. दिसणं शक्य नाही. की चौकात थांबली होती? रज्जाकभाईंना विचारलं, ते म्हणाले, आठवत नाही वैनी, मी पुढं बघून चालवत होतो.

बोलायची तऱ्हा मात्र ह्यांचीच. यायला लागलीया. ह्यांना किती वर्षं सांगितलं, मास्तर आहात, नीट बोलत जा. माझ्याशी बोलताना नीट बोलायचे, बहिणीशी बोलताना असं.

आक्का खोटं रचू शकतात. मी नाही का रचलं?

४ मार्च

आक्का दवाखान्यात. आयसीयू. प्रसाद येऊन गेला. काचेतून बघितलं. आक्कांनी माझ्याकडं बघून हात हलवला की नुसता हलला, कळलं नाही.

कागद टेबलावर आहे. त्याच्यावर चहाचा डाग पडलाय, कपाचा, गोल. नवीन आणा म्हणायची लाज वाटते.

१६ मार्च

स. सहा दहाला गेल्या.

१७ मार्च

काल एका ओळीपलीकडं लिहायला झालं नाही. आज सगळं लिहून टाकते. नंतर लोक आपापलं सांगतील.

बंगल्यात आणलं. हॉलमध्ये भिंतीला टेकवून बसवलं, कपाळावर विभूती, डोक्याला तो रुमाल. रुमाल कुणी बांधला विचारलं तर रज्जाकभाई. फौंड्रीची सगळी पाळी बाहेर उभी. प्रसाद साडेदहाला पोचला. आल्या आल्या मला खोलीत नेलं. म्हणाला, सही कर, नाहीतर समाजाच्या भूमीत न्यावं लागेल आई, तिथं गाडी घेणार नाहीत. ठरव.

मी म्हटलं, न्या की. लोकांना बसवतातच तिथं.

मग स्वामी आत आले. दार लोटलं. त्यांनी चढ्या आवाजात काही म्हटलं नाही. म्हणाले, "सुमनताई, आठवून सांगा. शिवानंद मास्तरांची गवी कुठल्या अंगाला हाय? माझ्या वडलांनी केलंय ते, माझ्यावर बी त्याचा भार हाय."

मी ह्यांच्या फोटोकडं बघितलं. हाराला पंधरा दिवस झाले होते, बदलायला हवा होता.

खरं सांगायचं तर दया वगैरे आली नाही मला. आक्कांनी जे सांगितलं होतं ते मी ऐकून घेतलं होतं. खरं असो, खोटं असो, तीन आठवडे मी त्याच्यावर जगत होते. सकाळी उठलं की पहिलं ते आठवायचं. आणि सही न देता ते तसंच ठेवून घ्यायचं, हे मला जमेना.

म्हटलं, मला माहीत नाही. मी काही बघितलेलं नाही. उत्तरेला म्हटलं ते खोटं होतं. आक्का म्हणत होत्या तेच खरं असणार, दक्षिणेला.

प्रसादनं माझ्याकडं असं बघितलं की मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. सही केली. चहाच्या डागावरच.

बारापर्यंत रज्जाकभाईंनी पेट्रोल काढलं, ऑइल काढलं, बॅटरी काढली. जवळ विहीर आहे म्हणून. स्टिअरिंगखाली मांडी मावेना, मग ड्रायव्हरची सीट काढून तिथं देव्हाऱ्यातला चौरंग बोल्टनं बसवला. स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं आक्कांनी सांगून ठेवलेलं. आक्का पुढं बसल्या आणि तांबडी ढकलत नेली, बंगल्यापासून मळ्यापर्यंत, फौंड्रीच्या लोकांनी, पाळी पाळीनं. दोन्ही बाजूंना लोक. मोबाईल वर धरलेले. मी मागं, प्रसादच्या गाडीत. काच वर.

मळ्यात मारुती होता, मळा तोच बघतो, आणि भाड्याचे जेसीबी आणि क्रेन. तारेकडून खड्डा सुरू केला आणि ह्यांच्या ओट्याकडं येत गेला. मी पुन्हा त्याच कट्ट्यावर. ह्या वेळी डोळे उघडे ठेवायचे ठरवलं होतं.

चार-साडेचार फूट खोल गेलं असेल. ओटा अजून दोन-तीन हात लांब. आणि बाजूची माती आपोआप खाली बसली. मारुती ओरडला, थांब, थांब म्हणून. जेसीबी थांबला. मी गेले. प्रसादनं हात धरला तो सोडवला.

मातीत पांढरं होतं. मीठ आणि विभूती. वरून एवढी पोकळी, हात जाईल एवढी. आत काळोख. आणि धोतराचा एक पदर, मातकट.

उत्तरेलाच होती गवी.

खोटं म्हणून बोलले ते खरं होतं आणि खरं म्हणून सांगितलं ते खोटं. सगळे माझ्याकडं बघत होते. स्वामी सुद्धा. मला ह्यांच्याशी बोलायचं होतं. इतक्या माणसांत कसं बोलणार? गुडघ्यावर बसले आणि 'मी आहे हो' एवढं म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असणार, कारण प्रसाद रडायला लागला. पाच वर्षांनी इतक्या जवळ आले होते.

स्वामींनी फळी आणवली, दगड रचले, माती लोटली, वर विभूती. ते होईपर्यंत चार वाजले. आता काय? उभी गाडी बसत नव्हती. सोळातले तीन-चार फूट ह्यांचे निघाले. क्रेनला तांबडी लटकलेली, आत आक्का, डोळे मिटून, रुमाल हलतोय. प्रसाद म्हणाला, कुंपण तोडू, रस्त्यात घेऊ. मारुती म्हणाला, रस्त्याखालनं पाईपलाइन गेलीया.

स्वामी म्हणाले, "आडवी घ्या. पूर्वेला तोंड केलं तरी चालतंय."

मी म्हटलं, "हे फेब्रुवारीत का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलंच न्हाय."

मग तारेला घासून, आडवी, रुंदीनं जागा कमी लागली. सूर्य मावळायच्या आत झालं. स्वामींचा पाय मस्तकाला लागला. मीठ पोत्यानं ओतलं, बेल, विभूती, माती. शेवटी मागचा दिवा तेवढा दिसत होता. मग तोही.

आक्कांचं तोंड आता शेजारच्या उसाकडं. रस्त्याकडं पाठ नाही, तोंडही नाही. उभ्या आयुष्यात गाडी अशी लावली नव्हती त्यांनी. मला बरं वाटलं का? वाटलं. थोडं.

२१ मार्च

बघे येतायत. काल तीन पोरी रील करत होत्या, एक ओट्यावर चढलेली. ह्यांच्या. हाकललं. मारुतीला गेट लावायला सांगितलं.

एका चॅनेलवाल्यानं विचारलं, नणंदेबद्दल दोन शब्द सांगा. मी म्हटलं, दोन शब्दांत मावणाऱ्या नव्हत्या. ते त्यानं कौतुक म्हणून दाखवलं.

प्रसाद उद्या जाणार. माझ्याशी नीट बोलत नाही. रात्री जेवताना एकदम म्हणाला, तुला खरंच माहीत नव्हतं? मी म्हटलं, नव्हतं. म्हणाला, मग बरोबर कसं सांगितलंस? मी त्याच्या पानात भात वाढला.

मग मी विचारलं, आत्या तुला कधी बाबांच्या शेवटच्या बोलण्याचं बोलली होती? तो म्हणाला, नाही, काय? मी म्हटलं, काही नाही.

२९ मार्च

सकाळी एकटीच मळ्यात गेले. एसटीनं. फाट्यावरून चालत.

टेप नेली होती. ह्यांची गवी जिथं संपते तिथं स्वामींनी दगड लावून ठेवलाय. त्या दगडापासून तांबडीच्या खड्ड्यापर्यंत पट्टा उरलाय. मोजला. पाच फुटाला चार बोटं कमी.

बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. गवी काढायला सुद्धा जागा आहे, दोन्हीकडं. उजवीकडं काढली तर ह्यांच्या शेजारी. डावीकडं काढली तर तांबडीच्या दाराशी.

मी तिथं बसून बघितलं. मांडी घालून. गुडघे दुखले. एका बाजूला हे, एका बाजूला आक्का. मधे मी. बरं, निघून जायची सोय नाही. ती मरेपर्यंत एका घरात राहिले ह्या बाईबरोबर, तेवढं पुरलं नाही का मला? आणि दुसऱ्या बाजूनं हे तर हाताच्या अंतरावर. एवढ्या जवळची जागा मी मागितली असती तर मिळाली नसती.

आक्कांना मोठ्यानं विचारलं. खरं सांगितलंत का रचलंत? मारुती पाठीमागं येऊन उभा होता. त्याला वाटलं मी त्याच्याशीच बोलतेय. म्हणाला, "काय वैनी?"

काही नाही म्हटलं. त्याच्याकडं उसाचं बेणं होतं. म्हणाला, नांगर फिरवायचाय, उन्हाळी लागण उरकून घेतो. "ह्यो मधला पट्टा बी धरू काय लागणीत? का मोकळा ठिवायचा? कुणासाठी ठिवायचा असंल तर आत्ता सांगा, एकदा सरी पडली की परत न्हाय."

मी टेप गुंडाळत राहिले. ती मधेच अडकली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. मारुती उन्हात उभा.

म्हटलं, तिकडची बाजू आधी कर. इकडं यायला तुला किती दिवस लागतील?

म्हणाला, "चार."